मुक्कामाची गाडी बंद होते तेव्हा

एखाद्या गावातील शाळा बंद पडली तर वर्तमानपत्रात चार ओळी येतात. पूल वाहून गेला तर मंत्री पाहणीस येतात. परंतु दिवेलागणीनंतर गावात येऊन रात्री तेथेच मुक्काम करणारी व पहाटे तालुक्याकडे परतणारी एसटी गाडी जेव्हा बंद होते, तेव्हा तिची वार्ता गावच्या शिवेबाहेर सहसा जात नाही. आगाराच्या वेळापत्रकातून एक ओळ कमी होते, एवढेच. त्या एका ओळीबरोबर किती मुलींचे शिक्षण, किती वृद्धांचे औषधपाणी आणि किती घरांचा नित्यक्रम पुसला जातो, याचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. तो वाचकांपुढे ठेवावा, हाच ह्या लेखाचा उद्देश आहे.

आपल्या वाचकांपैकी पुष्कळांची बिऱ्हाडे आज पुण्या-मुंबईस अथवा त्याहूनही दूर आहेत. तथापि मूळचे घर, कुळाचार आणि वडीलधारी माणसे कित्येकांची अद्याप गावीच आहेत. तेव्हा हा प्रश्न खेड्यांचा आहे, आपला नव्हे, असे समजण्यास जागा नाही.

एका वचनाची कथा

एसटीच्या पूर्वी आपल्या प्रांतात खाजगी सर्व्हिस मोटारी धावत. त्यांचा सर्वांस ठाऊक असलेला नियम एकच होता: मोटार भरेल तेव्हा निघेल. उतारूंनी तासन् तास खोळंबून राहावे, आणि निघताना दाटीवाटीने कोंबून घ्यावे, हा नित्याचा अनुभव होता. १ जून १९४८ रोजी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) आणि पुणे यांच्या दरम्यान सरकारी प्रवासी मोटारसेवेस आरंभ झाला. पुढे १९५० साली मार्ग परिवहन महामंडळांचा कायदा झाला, आणि महाराष्ट्र राज्य निर्माण झाल्यावर १९६१ साली आजचे महामंडळ अस्तित्वात आले. ‘बहुजनहिताय, बहुजनसुखाय’ हे ब्रीद आणि ‘गाव तेथे एसटी’ ही घोषणा आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. ह्या घोषणेचे खरे मर्म गाडी गावात येण्यात जितके होते, त्याहून अधिक ती ठरल्या वेळी येण्यात होते. भरो वा न भरो, ती सुटेल, असे ते वचन होते. आणि त्या वचनाच्या भरवशावर खेड्यांनी आपले व्यवहार आखले.

मुक्कामाची गाडी हे त्या वचनाचे अत्यंत उपयुक्त रूप होय. तालुक्याच्या ठिकाणाहून दिवसाची शेवटची फेरी गावी येते. चालक आणि वाहक ग्रामपंचायतीच्या खोलीत किंवा देवळाच्या ओवरीत पथारी टाकतात. कोठेच सोय नसली तर गाडीतच निजतात. कोणा घरून भाकरी येते, कोणा घरून कालवण येते. पहाटे इंजिन सुरू झाल्याचा आवाज हाच गावाचा गजर. ह्या व्यवस्थेतील हिशेब साधा आहे. जी गाडी रात्री गावात राहते तीच सकाळी सातच्या शाळेस, कॉलेजास अथवा इस्पितळाच्या रांगेस वेळेवर पोहोचवू शकते. आगारातून सकाळी सहाला निघालेली गाडी दीड तासाने गावी पोहोचणार व नऊला परत फिरणार. तोपर्यंत शाळेचे दोन तास होऊन गेलेले असतात. म्हणून गावास ‘दिवसातून दोन फेऱ्या आहेत’ एवढ्याने काही कळत नाही. त्या कोणत्या वेळी आहेत, हे पाहावे लागते.

फेऱ्या का घटतात?

महामंडळास दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. परंतु ते न्यायाचे होणार नाही. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे गाड्या थांबल्या. त्या रुळावर येत असतानाच ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. तुटपुंज्या पगारावर दिवस काढणाऱ्या त्या कुटुंबांची गाऱ्हाणी खोटी होती असे कोणी म्हणणार नाही. पण ह्या दोन आघातांनंतर एसटीचे रूप पालटले. साथीपूर्वी १८ हजारांहून अधिक असलेल्या गाड्या १५ हजारांच्या आसपास आल्या; रोज सुमारे ६५ लाख माणसे एसटीने जात, ती संख्या ५५ लाखांच्या घरात आली. संचित तोटा १० हजार कोटी रुपयांच्या वर गेल्याचे २०२५ साली सरकारच्या श्वेतपत्रिकेतच नमूद झाले.

गाड्या अपुऱ्या पडल्या म्हणजे आगारप्रमुखापुढे निवड उभी राहते. लांब पल्ल्याच्या फेरीस भरपूर उत्पन्न मिळते. घाट उतरून वीस-पंचवीस घरांच्या वाडीस जाणाऱ्या फेरीस डिझेलचाही खर्च सुटत नाही. मुक्कामाच्या गाडीवर शिवाय कर्मचाऱ्यांचा भत्ता पडतो, त्यांच्या निवाऱ्याचा व शौचालयाचा प्रश्न येतो, आणि गाडी वाटेत नादुरुस्त झाली तर दुरुस्तीस माणूस धाडणे कठीण होते. अशा वेळी कात्री कोठे चालणार हे निराळे सांगावयास नको. गणपतीच्या दिवसांत कोकणासाठी हजारो जादा गाड्या सुटतात, आषाढीस पंढरपूरची वाट वाहत्या ठेवाव्या लागतात. त्या वेळी गावोगावच्या नित्याच्या फेऱ्याच प्रथम रद्द होतात. चाकरमान्यास गावी पोहोचविणारी गाडी कित्येकदा गावात राहणाऱ्याच्याच दारातून उचललेली असते, ही गोष्ट आपण शहरवासीयांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

फेरी ठेवावी की बंद करावी हे ठरविण्याचे माप म्हणजे ‘भारमान’, अर्थात गाडीतील किती बाके भरली हा आकडा. हे माप वरवर निर्दोष दिसते. पण त्यात एक मेख आहे. समजा, एका गावास चार फेऱ्या आहेत व दुपारच्या फेरीस जेमतेम आठ-दहा उतारू असतात. म्हणून ती बंद केली. आता सकाळी बँकेच्या कामास जाऊन दुपारी परतणाऱ्यास परत येण्याचे साधन उरले नाही. तेव्हा तो सकाळीही एसटीने जाईनासा होतो. सकाळचे भारमान उतरते. काही महिन्यांनी तीही फेरी तोट्याची ठरते. येणेप्रमाणे एका फेरीच्या तोट्यातून दुसरीचा तोटा जन्मास येतो, आणि शेवटी ‘ह्या गावास एसटीची गरजच उरली नाही’ असा निष्कर्ष कागदावर निघतो. गरज आहे तशीच असते. नाहीसा झालेला असतो तो लोकांचा विश्वास.

प्रथम कोणाचे पाऊल थांबते?

गाडी बंद झाल्याचा भार घरातील सर्वांवर सारखा पडत नाही. कर्ता पुरुष मोटारसायकल घेतो. थोरला मुलगा मित्राच्या मागे बसून जातो, किंवा तालुक्यास खोली घेऊन राहतो. पाऊल थांबते ते मुलीचे.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांनी प्राथमिक शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत व उच्च प्राथमिक शाळा तीन किलोमीटरच्या आत असावी, असे ठरविले. परंतु त्या कायद्याची धाव आठवीपर्यंतच आहे. नववीपासून पुढे लहान गावातील मुलीस मोठ्या गावी जावे लागते, म्हणजेच तिचे शिक्षण एसटीच्या चाकांवर येते. ही गोष्ट ओळखूनच अहिल्याबाई होळकर यांच्या नावाने ग्रामीण मुलींस पाचवीपासून बारावीपर्यंत विनामूल्य पास देण्याची योजना चालू आहे. मानव विकास कार्यक्रमाखाली मागास तालुक्यांतून मुलींसाठी निळ्या रंगाच्या गाड्याही सुरू झाल्या. ह्या दोन योजनांनी केलेले काम मोठे आहे. पण पास हाती असून गाडीच येत नसेल, अथवा संध्याकाळची फेरी कधी येईल व कधी येणार नाही याचा नेम नसेल, तर त्या पासाचा उपयोग काय? अंधार पडल्यावर फाट्यापासून चार किलोमीटर मुलीने एकटीने चालत यावे, हे कोणत्याही आईस रुचणार नाही. शाळा सोडविण्याचा निर्णय अशा घरी कोणी एका दिवशी घेत नाही. प्रथम पावसाळ्यात चार दिवस बुडतात, मग परीक्षेपुरते जाणे होते, आणि मग ‘आता घरीच राहू दे’ असे आजी म्हणते. पुढे स्थळे पाहणे सुरू होते. मुलगी देताना ‘गावास एसटी जाते का?’ असे विचारण्याची रीत आपल्याकडे होती, तिचे कारण ह्यातच आहे.

दुसरा भार वृद्धांवर पडतो. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांस एसटीचा प्रवास विनामूल्य झाला; १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांस निम्म्या भाड्याची सवलत मिळाली. जेथे गाड्या आहेत तेथे ह्या सवलतींनी स्त्रियांस खरोखर मोकळीक दिली. माहेरी जाणे, देवदर्शनास जाणे, बाजारास जाणे यांसाठी कोणाकडे पैसे मागावयास नकोत, हे सुख लहान नव्हे. पण जेथे फेरीच बंद झाली आहे, तेथील काकूंच्या वाट्यास ह्यातील एक पैचीही सवलत येत नाही. उलट त्यांस जीपचे पूर्ण भाडे मोजावे लागते.

तिसरी गोष्ट घरगुती आहे. पण ती विसरता येत नाही. तालुक्यास शिकणाऱ्या मुलांचे जेवणाचे डबे पिढ्यान् पिढ्या एसटीने गेले आहेत. पहाटे आईने बांधलेला डबा वाहकाच्या हाती द्यावा, तो स्थानकावर ठरल्या जागी उतरावा, व संध्याकाळी रिकामा परत यावा, असा हा व्यवहार. वर्तमानपत्रांचे गठ्ठे, टपालाच्या थैल्या, दुकानदाराची पुडकी, आजाऱ्याचे औषध ही सर्व ह्याच वाटेने येत. गावातल्या शाळेतील बाई, तलाठी आणि परिचारिका ह्यांचे येणेजाणेही तीवरच. गाडी गेली म्हणजे ही सर्व माणसे तालुक्यास राहू लागतात, दुपारी येतात व उन्हे कलण्यापूर्वी निघून जातात. गाव ओसाड होण्याच्या कितीतरी आधी असे अर्धवेळ होते.

जीप आणि मोटारसायकल

‘एसटी नसली म्हणून काय झाले? खाजगी जीपा आहेत,’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पश्चिम महाराष्ट्रात ह्या वाहतुकीस ‘वडाप’ म्हणतात. मराठवाड्यात व विदर्भात काळ्या-पिवळ्या जीपा सर्वांच्या ओळखीच्या आहेत. त्यांनी अडलेल्यांस पोहोचविले आहे, हे कबूल करावयास हवे. परंतु ती मोटार भरल्यावाचून निघत नाही; आठवडे बाजाराच्या दिवशी दहा जीपा आणि एरवी एकही नाही, असा प्रकार असतो; आणि विद्यार्थ्याच्या पासास तेथे स्थान नाही. १९४८ पूर्वीच्या सर्व्हिस मोटारीचाच तो नवा अवतार होय. मोटारसायकलीचेही तसेच. ती घेण्यास कर्ज काढावे लागते, ती चालविणारा बहुधा घरात एकच असतो, आणि सत्तरीच्या आजोबांस तिच्यावर बसवून इस्पितळात नेणे किती जिकिरीचे असते, हे ज्यांनी केले आहे त्यांस विचारावे. महामंडळाच्या वहीतून जो तोटा कमी झाला, तो असा घराघरांच्या वहीत वाटला गेलेला दिसतो.

इतर देशांचा अनुभव

हा प्रश्न केवळ आपलाच आहे असे नाही. इंग्लंडात १९८५ च्या कायद्याने व १९८६ पासून लंडनबाहेरील बससेवा खाजगी कंपन्यांच्या स्पर्धेवर सोपविण्यात आली. कंपन्यांनी फायद्याचे मार्ग उचलले. राहिलेल्या मार्गांचा खर्च स्थानिक कौन्सिलांवर पडला. २०१० नंतर कौन्सिलांची अनुदाने आटली, तसे खेड्यांतील कितीतरी मार्ग बंद झाले. काही ठिकाणी गावकरी स्वयंसेवक होऊन स्वतःच लहान बस चालवितात. जानेवारी २०२३ मध्ये तेथील सरकारने कोणत्याही एका प्रवासाचे भाडे दोन पौंडांहून अधिक नसावे असे ठरविले, आणि २०२५ पासून ती मर्यादा तीन पौंडांवर नेली. योजना स्तुत्य खरी. पण ज्या खेड्यात बसच नाही, तेथे स्वस्त भाडे कोणास मिळणार?

स्वित्झर्लंडची रीत मात्र उलट आहे. तेथील डोंगराळ मुलखातून टपालखात्याच्या पिवळ्या बसगाड्या जातात. ज्या वस्तीत बारमाही शंभर माणसे राहतात तिला सार्वजनिक वाहतुकीने जोडले पाहिजे, हे तत्त्व त्या देशाने मान्य केले असून त्याचा खर्च सरकार उचलते. भारमान किती, हा प्रश्न तेथेही विचारला जातो. परंतु वस्तीस किमान सेवेचा हक्क आहे, हे आधी ठरलेले असते. ते राष्ट्र श्रीमंत आहे हे खरे. पण किमान किती, हे ठरविण्यास श्रीमंती लागत नाही.

काय करता येईल?

पहिले कर्तव्य सरकारचे आहे. प्रत्येक गावास शाळेच्या वेळेची एक सकाळची व एक संध्याकाळची फेरी ही किमान सेवा समजावी. तिचा तोटा महामंडळाच्या माथी न मारता शिक्षण व आरोग्य ह्यांवरील खर्चाप्रमाणे सरकारी तिजोरीतून द्यावा, आणि सवलतींच्या भरपाईची रक्कम वेळेवर पोहोचवावी. नव्या गाड्या आता ताफ्यात येऊ लागल्या आहेत. त्यांतील काही वाटा प्रथम मुक्कामाच्या फेऱ्यांकडे वळवावा. मोठी गाडी न परवडेल तेथे लहान चालवावी. पण वेळ पाळावी.

दुसरे कर्तव्य गावाचे. चालक-वाहकांस निजावयास कोरडी खोली, पाणी आणि स्वच्छ शौचालय एवढे जी ग्रामपंचायत देऊ शकत नाही, तिने मुक्कामाची गाडी मागावी कोणत्या तोंडाने? शाळेच्या मुख्याध्यापकांनी वर्षारंभी किती विद्यार्थी कोणत्या गावाहून येतात याची यादी आगारास द्यावी. आगाराचे वेळापत्रक बदलते व शाळेचे निराळे राहते, ह्यात पुष्कळ ठिकाणी केवळ एकमेकांशी न बोलण्याचाच दोष असतो.

तिसरे कर्तव्य आपले, म्हणजे गाव सोडून शहरात आलेल्यांचे. आपण सुटीत स्वतःच्या मोटारीने थेट अंगणात उतरतो, आणि एसटीच्या आठवणी कौतुकाने सांगतो. त्याऐवजी पुढील खेपेस गावी गेल्यावर घरच्या वडीलधाऱ्यांस दोनच प्रश्न विचारावेत: सकाळची पहिली गाडी किती वाजता सुटते, आणि संध्याकाळची शेवटची केव्हा येते? उत्तर समाधानकारक नसेल तर गावातील किती मुली नववीच्या पुढे शिकत आहेत, हेही विचारावे. मिळालेली माहिती कागदावर उतरवून, गावकऱ्यांच्या सह्यांनिशी आगारप्रमुखांस व आमदारांस द्यावी. अर्ज कसा लिहावा, कोणास द्यावा आणि त्याचा पाठपुरावा कसा करावा, हे आपल्या सुशिक्षित घरांतील माणसांस चांगले येते. आपल्या आजोबांस शिकावयास शहरात घेऊन आलेल्या गाडीसाठी एवढे लेखनिकाचे काम आपण खुशीने पत्करावे.