लिंबावरील फुलपाखराला कोवळी पालवी कशी सापडते?

पुण्यातील कसबा पेठेत शेत नाही. पण तिथल्या गच्चीवरील कुंडीत कढीपत्त्याला किंवा लिंबाला नवी पालवी फुटली, की काळ्या अंगावर पिवळसर ठिपके असलेले फुलपाखरू घिरट्या घालू लागते. हेच फुलपाखरू लिंबू, मोसंबी, संत्र्याच्या बागेत आणि रोपवाटिकेत अंडी घालते. त्याची नजर समजून घेतली, तर नियंत्रणावरील वायफळ खर्च टळतो.

डोळ्याची रचना

फुलपाखराचा प्रत्येक डोळा हजारो सूक्ष्म डोळ्यांचा बनलेला असतो. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात. लिंबावरील फुलपाखराच्या जवळच्या एका आशियाई जातीत प्रकाश टिपणाऱ्या पेशींचे सहा प्रकार आढळले आहेत. त्यांपैकी एक प्रकार अतिनील किरणे टिपतो. ही किरणे ४०० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीची असल्याने आपल्याला दिसत नाहीत. आपल्याला सूर्यफुलाची पाकळी एकसारखी पिवळी दिसते. अतिनील प्रकाशात मात्र तिचे टोक उजळ आणि बुडखा गडद असतो. ही खूण कीटकांना मधाची वाट दाखवते.

मादी अंडी घालताना आधी डोळ्यांनी हिरवा रंग हेरते. मग पानावर उतरून पुढच्या पायांनी चव घेते आणि झाड योग्य असेल तरच अंडे घालते.

बागेत काय करावे?

- प्रकाश सापळ्यावर विसंबू नका. तो रात्री उडणाऱ्या पतंगांसाठी आहे, हे फुलपाखरू दिवसा उडते.
- पिवळे चिकट सापळे मावा, पांढरी माशी, सायला यांच्यासाठी लावा. या फुलपाखरासाठी त्यांचा उपयोग नाही.
- नवी पालवी असताना दर तीन-चार दिवसांनी कोवळी पाने तपासा. अंडी गोल, फिकट पिवळी व सुटी असतात. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी अळी हिरवी असते.
- रोपवाटिकेत व लहान झाडांवर अंडी-अळ्या हाताने वेचून नष्ट करा.
- प्रादुर्भाव जास्त असल्यास अळ्या लहान असतानाच ५ टक्के निंबोळी अर्क किंवा लेबलवरील प्रमाणात बीटी जिवाणू कीटकनाशक फवारा. उन्हातील अतिनील किरणांनी दोन्हींचा प्रभाव लवकर कमी होतो, म्हणून फवारणी संध्याकाळी करा.