पास्का जागरण : ख्रिस्ती जीवनाच्या नूतनीकरणाचा विधी

प्रस्तावना :
ख्रिस्ती सण म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर नाताळ उभा राहतो. तथापि चर्चच्या उपासनावर्षाचा केंद्रबिंदू नाताळ नसून ईस्टर, म्हणजेच येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा सण हा आहे. मराठी कॅथलिक समाजात त्यास 'पास्का' असेही म्हणतात. ज्या हिब्रू शब्दापासून हे नाव आले, त्या सणाला मराठी बायबलमध्ये 'वल्हांडण' म्हटले आहे. इस्राएल लोकांची मिसरमधील दास्यातून झालेली सुटका आणि ख्रिस्ताचे मृत्यूकडून जीवनाकडे झालेले संक्रमण यांचे नाते या एकाच शब्दातून सूचित होते. ईस्टरला नूतनीकरणाचा काळ का मानले जाते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात पास्का जागरणाच्या आधारे केले आहे.

सणाची तिथी :
२१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार हा ईस्टरचा दिवस होय. त्यामुळे पाश्चात्त्य गणनेनुसार हा सण २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान येतो. युरोपात तेव्हा वसंत ऋतू असतो. म्हणून नूतनीकरणाचा अर्थ अनेकदा केवळ ऋतुचक्राशी जोडला जातो. परंतु ऑस्ट्रेलियात हाच सण शरद ऋतूत, तर महाराष्ट्रात ऐन उन्हाळ्यात येतो. यावरून हे नूतनीकरण निसर्गाचे नसून मुख्यतः माणसाच्या आचरणाचे आहे, हे स्पष्ट होते.

प्राचीन परंपरा :
प्रारंभीच्या शतकांत ईस्टरच्या रात्री नवदीक्षितांना बाप्तिस्मा दिला जात असे. संत ऑगस्टीन यांना इ.स. ३८७ मध्ये मिलान येथे बिशप अम्ब्रोज यांनी याच रात्री बाप्तिस्मा दिला. पाण्यात उतरणे म्हणजे जुन्या जीवनाला मरणे आणि पाण्यातून वर येणे म्हणजे ख्रिस्तासोबत नव्याने उठणे, हा पौलाच्या रोमकरांस पत्रातील विचार या विधीच्या मुळाशी आहे. ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ हा दीक्षार्थींच्या अंतिम तयारीचा काळ होता.

ऱ्हास व पुनरुज्जीवन :
पुढे बालबाप्तिस्म्याची प्रथा रूढ झाली आणि जागरणाचा हा संदर्भ क्षीण झाला. रात्रीचा विधी हळूहळू अलीकडे सरकत शनिवारी सकाळी होऊ लागला. अंधारात उजळावयाची मेणबत्ती भर उजेडात पेटू लागली. १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी हा विधी प्रायोगिक स्वरूपात पुन्हा रात्री आणला आणि त्यात उपस्थित भाविकांनी आपल्या बाप्तिस्म्याच्या वचनांचे नूतनीकरण करण्याचा भाग समाविष्ट केला. पवित्र सप्ताहाच्या विधींची व्यापक सुधारणा १९५५ मध्ये जाहीर झाली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७२ मध्ये, प्रौढांच्या दीक्षेचा टप्प्याटप्प्याचा विधीही पुन्हा प्रचारात आला.

विधीचे चार भाग :
आजचे जागरण प्रकाश, शब्द, बाप्तिस्मा आणि पवित्र मिस्सा अशा चार भागांत विभागलेले आहे. प्रथम नवा अग्नी प्रज्वलित करून त्यावर पास्काची मेणबत्ती पेटविली जाते. तिच्यावर क्रूस, ग्रीक वर्णमालेतील पहिले व शेवटचे अक्षर आणि चालू वर्षाचे अंक असतात. त्यानंतर जगाच्या निर्मितीपासून पुनरुत्थानापर्यंतची वचने वाचली जातात. तिसऱ्या भागात भाविक पेटत्या मेणबत्त्या हाती घेऊन दुष्टाईचा त्याग करतात व श्रद्धा प्रकट करतात. ज्यांचा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला, त्यांच्या वतीने त्या वेळी आईवडिलांनी व धर्मपालकांनी उत्तरे दिलेली असतात. या रात्री ती उत्तरे ज्याची त्याला द्यावी लागतात. अखेरीस ख्रिस्तप्रसादाच्या विधीने जागरणाची सांगता होते.

समारोप :
ईस्टर हा एका दिवसाचा सण नसून पेंटेकॉस्टपर्यंत चालणारा पन्नास दिवसांचा काळ आहे. उपवासाच्या चाळीस दिवसांपेक्षा आनंदाचा काळ दीर्घ ठेवण्यात आला आहे, ही बाब अर्थपूर्ण होय. मात्र दिलेले वचन घर, व्यवसाय व शेजार यांतील व्यवहारात उतरले नाही, तर विधी पूर्ण होऊनही नूतनीकरण अपुरेच राहते. वचनाचा उच्चार दरवर्षी करावा लागतो, यातच मानवी दुर्बलतेची कबुली आणि पुन्हा आरंभ करण्याची संधी, अशा दोन्ही गोष्टी सामावलेल्या आहेत.