एक खंड अपुरा पडतो तेव्हा

वाईकरांना 'खंड' हा शब्द काही नवा नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली बाहेर पडला, तो याच गावात सिद्ध झालेला. पुढे विसावा खंड पूर्वार्ध व उत्तरार्ध अशा दोन पुस्तकांत निघाला. खंडाला इंग्रजीत 'व्हॉल्यूम' म्हणतात, आणि गंमत अशी की संगणकवाल्यांनीही साठवणुकीच्या एककाला हेच नाव दिले आहे. त्यांच्यापुढेही प्रश्न तोच : एका खंडात मावत नाही, आता काय करावे?

'क्लाउड' म्हणजे दुसऱ्याच्या जागेतील भाड्याचे संगणक. ॲमेझॉन कंपनीने २०१६ साली मुंबईत असे केंद्र उघडले. तेथील सर्व्हरला आपण भाड्याने एक व्हॉल्यूम जोडून घेतो. सर्व्हरला ती साधी डिस्कच वाटते. पण तिला कमाल आकार असतो. ॲमेझॉनच्या सर्वसाधारण व्हॉल्यूमची मर्यादा २०१५ पासून बरीच वर्षे १६ टेबीबाइट होती. पुढे काही प्रकारांत ती ६४ पर्यंत गेली. समजा, जुन्या पोथ्यांच्या एकेका पानाचे छायाचित्र २५ मेगाबाइटचे आहे. मग १६ टेबीबाइटमध्ये सुमारे सात लाख पाने मावतील. एखाद्या मोठ्या संग्रहाला ती पुरणार नाहीत.

यावर लिनक्समध्ये 'एलव्हीएम' नावाची व्यवस्था आहे. चार व्हॉल्यूम घ्यायचे, त्यांचा एक गट करायचा आणि त्या गटातून एकच मोठा तार्किक व्हॉल्यूम कोरून काढायचा. वाचकाने नोंद मागावी आणि ती कोणत्या खंडात आहे हे ग्रंथपालाने पाहावे, तसे हे चालते. जागा पुन्हा संपली की पाचवा व्हॉल्यूम गटात घालता येतो, आणि त्यासाठी बहुधा काम थांबवावेही लागत नाही. मात्र त्यावरील फाइल-सिस्टिमही वाढवावी लागते, आणि तिचीही मर्यादा असते. जुन्या पद्धतीने आखलेल्या 'ईएक्स्टी४'मध्ये चार किबीबाइटच्या ठोकळ्यांना ३२ बिटांचे क्रमांक देत. दोनाचा बत्तिसावा घात गुणिले चार किबीबाइट, उत्तर पुन्हा १६ टेबीबाइट! (गणित सोडून कलाशाखेत आलेल्या मित्रांनी माझ्यावर विश्वास ठेवावा.) 'एक्सएफएस' याच्या पुष्कळ पुढे जाते.

इथवर सारे सोपे. विश्वकोशाशी साम्य संपते ते पुढे. ग्रंथालयातून विश्वकोशाचा एक खंड हरवला तरी उरलेले खंड वाचता येतात. जोडलेल्या व्हॉल्यूमचे तसे नाही. वेग वाढावा म्हणून पुष्कळदा 'स्ट्रायपिंग' करतात, म्हणजे प्रत्येक मोठी फाइल पट्ट्यापट्ट्यांनी सर्व व्हॉल्यूमवर वाटतात. जणू प्रत्येक पान फाडून त्याचे तुकडे चार खंडांत शिवले! एक खंड गेला की चारही गेले. पट्ट्या न करता व्हॉल्यूम नुसते एकापुढे एक जोडले तरी फाइल-सिस्टिम मोडते आणि हाती थोडेफारच लागते. ॲमेझॉन स्वतः सांगते की सर्वसाधारण प्रकारात वर्षाला हजारांतील एक-दोन व्हॉल्यूम निकामी होऊ शकतात. चार जोडले की आपल्या संग्रहाचा धोका सुमारे चौपट झाला, हे जागा वाढवण्याच्या आनंदात कोणी बोलत नाही.

म्हणून माझे मत असे की, आधी दुसऱ्या प्रतीचा खर्च मांडावा, मग जागा वाढवावी. ती प्रत घेतानाही एक मेख आहे. पहिल्या व्हॉल्यूमचा 'स्नॅपशॉट' सकाळी आणि चौथ्याचा दुपारी घेतला, तर जोडल्यावर ते एकमेकांशी जुळतीलच असे नाही. एका सर्व्हरला जोडलेल्या सगळ्या व्हॉल्यूमचे एकाच क्षणाचे स्नॅपशॉट घेण्याची सोय ॲमेझॉनकडे २०१९ पासून आहे, तीच वापरावी. आणि ती प्रत मुंबईतच ठेवू नये. २०२२ पासून हैदराबादलाही त्यांचे केंद्र आहे, तिकडे एक पाठवून द्यावी.