बँकेत ४० लाख, तरी पगाराची चिंता: छोट्या संस्थेची आर्थिक तब्येत कशी ओळखायची?

समजा, एका सामाजिक संस्थेच्या खात्यात ३१ मार्चला ४० लाख रुपये आहेत. बरं चाललंय, असंच कुणालाही वाटेल. पण त्यातले ३६ लाख एका कंपनीने फक्त शाळेच्या खोल्या बांधायला दिले असतील, तर? त्यांना हात लावता येत नाही. पगार, भाडं, लाइट बिल सगळं उरलेल्या ४ लाखांत. हा खर्च महिन्याला २ लाख असेल, तर संस्थेकडे जेमतेम दोन महिने आहेत.

म्हणून एकूण शिल्लक बघून उपयोग नाही. ताळेबंदात ठराविक कामासाठीचा निधी ('इअरमार्क्ड फंड') आणि कायम निधी ('कॉर्पस') वेगळे दाखवतात. ते वजा करून जे मोकळं उरतं, ते किती महिने पुरेल हे बघायचं.

एका वर्षाचा तोटाही फसवा असतो. सीएसआरचे पैसे बऱ्याचदा मार्चच्या तोंडावर येतात आणि खर्च होतात पुढच्या वर्षी. जमाखर्च मांडण्याच्या पद्धतीनुसार मग पहिल्या वर्षी भरघोस शिल्लक आणि दुसऱ्या वर्षी तूट दिसू शकते. प्रत्यक्षात काहीच बिघडलेलं नसतं. त्यामुळे किमान पाच वर्षांचे आकडे शेजारी शेजारी ठेवा.

संस्था बचत का करत नाहीत?

करसवलत हवी तर साधारणपणे उत्पन्नाचा ८५ टक्के भाग त्याच वर्षी संस्थेच्या कामावर खर्च करावा लागतो. १५ टक्के विनाअट मागे ठेवता येतात. त्याहून जास्त साठवायचं तर कारण आणि मुदत कळवावी लागते. परदेशी देणग्यांतून प्रशासकीय खर्च करायची मर्यादा २०२० मध्ये ५० वरून २० टक्क्यांवर आली. त्यात देणगीदारांनाही आपला पैसा 'थेट गरजूंपर्यंत' जायला हवा असतो. हिशेब लिहिणाऱ्याचा पगार द्यायला कुणी उत्सुक नसतं. मग १५ टक्क्यांची मुभा कागदावरच राहते.

महाराष्ट्रात नोंदणीकृत सार्वजनिक न्यासांना १९५० च्या कायद्यानुसार धर्मादाय कार्यालयाला हिशेब द्यावे लागतात. म्हणजे कागद तयार असतात. देणगी देण्याआधी संस्थेकडे ते मागायला संकोच नको. त्यातला 'देणी' हा भाग आधी वाचा. थकलेले पगार, न भरलेला टीडीएस, विश्वस्तांनी दिलेली हातउसनी रक्कम हे आकडे दरवर्षी फुगत असतील, तर वार्षिक अहवालातले फोटो कितीही हसरे असले तरी संस्था उधारीवर चालली आहे.