‘धायरी’ स्वीकारणारा नियम

वेबवरील अर्जात भरलेला मजकूर साठवण्यापूर्वी तो अपेक्षित स्वरूपाचा आहे की नाही हे तपासण्याच्या क्रियेला पडताळणी म्हणतात. संकेतस्थळाची बांधणी सुकर करणाऱ्या तयार साधनसंचांत, म्हणजे वेब फ्रेमवर्कमध्ये, रकाना रिकामा नसावा, ई-मेल योग्य घडणीचा असावा, असे नियम आयते मिळतात. परंतु पुण्यात सिंहगड रस्त्याकडील धायरीचा पत्ता मराठीत भरला जाऊ लागला, की हे नियम अपुरे पडतात आणि प्रोग्रामरला स्वतःचा नियम लिहावा लागतो.

श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून साकारलेली आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली पिनकोड पद्धत सहा अंकांची असून तिचा पहिला अंक कधीही शून्य नसतो. एवढी अट एका ओळीत लिहिता येते, मात्र ती केवळ आकार पाहते. धायरीचा ४११०४१ हा पिनकोड लगतच्या नऱ्हे गावालाही लागू असल्याने पिनकोड आणि परिसर यांचा मेळ बसतो का, हे पाहण्यासाठी टपाल खात्याच्या यादीशी ताडून पाहणारा, दोन रकाने एकत्र तपासणारा नियम हवा.

२००५ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या जँगो या फ्रेमवर्कमध्ये असा नियम म्हणजे पायथन भाषेतील एक छोटे फंक्शन असते. मिळालेले मूल्य पटले नाही, तर ते त्रुटीचा संदेश देऊन अर्ज परत पाठवते. ही तपासणी सर्व्हरवर होते. ब्राउझरमधील तपासणी भरणाऱ्याच्या सोयीसाठी असते आणि ती सहज टाळता येत असल्याने तिच्यावर विसंबणे धोक्याचे ठरते. शिवाय दोन्हीकडचे निकष जुळतीलच असे नाही: ‘कोणताही अंक’ दर्शवणारे चिन्ह पायथनमध्ये देवनागरी अंकही मान्य करते, तर जावास्क्रिप्टमध्ये तेच चिन्ह फक्त इंग्रजी अंक ओळखते. परिणामी देवनागरीत भरलेला पिनकोड सर्व्हरला चालत असूनही ब्राउझरच नाकारू शकतो.

खरी अडचण मात्र अक्षरांची आहे. युनिकोड या संकेतप्रणालीत ‘धायरी’ हा शब्द ध, काना, य, र आणि दीर्घ वेलांटी अशा पाच घटकांनी बनतो. त्यांतील काना व वेलांटी ‘अक्षर’ या वर्गात न मोडता ‘चिन्ह’ या वर्गात मोडतात; म्हणून ‘फक्त अक्षरे चालतील’ असा नियम, तो युनिकोडचा विचार करून लिहिलेला असला तरी, पाचांपैकी दोन घटक नाकारतो आणि गावाचे अचूक नाव चुकीचे ठरवतो. मराठी भाषकांसाठीच्या अर्जात ही उणीव क्षम्य मानता येत नाही, कारण चिन्हांचा वर्ग नियमात जोडला की ती दूर होते.

त्याहून सूक्ष्म प्रश्न ‘नऱ्हे’ या नावातील अर्ध्या र-चा आहे. तो दोन निरनिराळ्या घटकक्रमांनी टंकित करता येतो. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते भिन्न शब्द असतात आणि युनिकोडची प्रमाणीकरणाची ठरीव रीतही त्यांना एक करत नाही. त्यामुळे नाव साठवण्यापूर्वी दोन्ही रूपे एकाच रूपात आणणारी पायरी स्वतंत्रपणे लिहावी लागते. ती नसेल, तर एका रूपात नोंदलेला पत्ता दुसऱ्या रूपाने शोधणाऱ्याला सापडत नाही.