शून्यावर विश्वास केव्हा ठेवावा?

सहलीची बस सुटण्यापूर्वी आपण मुले मोजतो. चाळीस आणली होती, चाळीसच भरली, की हायसे वाटते. पण या साध्या मोजणीत आपण तीन गोष्टी गृहीत धरतो : आपलीच मुले मोजली, ती सगळी बसमध्ये चढल्यावर मोजली आणि आपली नजर योग्य जागी होती. यांपैकी एक जरी चुकले, तरी आकडा फसवा निघतो. संगणकाच्या एका कामात हीच अडचण कशी येते ते पाहू या.

निकालाचे किंवा रेल्वे आरक्षणाचे संकेतस्थळ आपण ब्राउझरमध्ये उघडतो. त्यामागच्या प्रोग्रॅममध्ये सतत बदल होत असतात. प्रत्येक बदलानंतर सगळी पाने माणसाने तपासणे कंटाळवाणे असते, आणि कंटाळलेला माणूस चुका करतो. म्हणून ब्राउझर आपणहून चालवणारे प्रोग्रॅम तयार झाले. जेसन हगिन्स यांनी २००४ साली थॉटवर्क्स या कंपनीत असताना सुरू केलेले ‘सेलेनियम’ हे त्यांपैकी एक. मायक्रोसॉफ्टचे ‘प्लेराइट’ २०२० साली आले. असा प्रोग्रॅम माणसासारखीच बटणे दाबतो, रकाने भरतो आणि पानावर अपेक्षित ते दिसते का हे तपासतो.

या तपासणीत मोजणीचे काम वारंवार पडते. ब्राउझरच्या दृष्टीने पान म्हणजे घटकांचा एक वृक्ष असतो : पानात तक्ता, तक्त्यात ओळी, ओळीत रकाने. ‘तक्त्यातल्या सगळ्या ओळी शोध’ असे वर्णन दिले, की प्रोग्रॅम त्या वर्णनात बसणारे घटक गोळा करून त्यांची संख्या सांगतो.

समजा, वर्गात चाळीस विद्यार्थी आहेत आणि निकालाच्या पानावर ओळी मोजल्या तर एकेचाळीस भरल्या. जास्तीचा विद्यार्थी कोण? कोणीच नाही! ‘क्रमांक, नाव, गुण’ ही शीर्षकाची ओळसुद्धा ओळच आहे. शिवाय डोळ्यांना न दिसणारे, लपवून ठेवलेले घटकही वृक्षात असतात आणि तेही मोजले जातात. चूक संगणकाची नसते. आपले वर्णन ढिले असते.

दुसरी अडचण वेळेची. पानाचा सांगाडा आधी येतो आणि ओळी मागाहून भरल्या जातात. प्रोग्रॅम इतका चपळ असतो, की ओळी येण्याआधीच मोजून मोकळा होतो. सरसकट काही सेकंद थांबणे हा उपाय कच्चा. जाळे मंद असेल तर तेवढा वेळ पुरत नाही, जलद असेल तर वाया जातो. त्यापेक्षा अपेक्षित संख्या येईपर्यंत पुन:पुन्हा मोजावे आणि ठराविक मुदतीत ती आली नाही तरच चाचणी नापास करावी. प्लेराइटमध्ये अशी सोय आहे. तिची मुदत, आपण बदलली नाही तर, पाच सेकंदांची असते.

सर्वांत फसवा आकडा मात्र शून्य. सेलेनियमला एकच घटक शोधायला सांगितले आणि तो सापडला नाही, तर ते तक्रार करते. पण ‘असे सगळे घटक शोध’ म्हटले, तर निमूटपणे रिकामी यादी देते. तिची संख्या शून्य!

एका कार्यशाळेच्या नोंदणीच्या पानासाठी मी अशी चाचणी लिहिली होती : अर्ज भरल्यावर चुकीच्या सूचनांची संख्या शून्य असावी. चाचणी रोज पास होत होती आणि मी निर्धास्त होतो. पुढे काही शिक्षकांचे अर्ज पोचलेच नसल्याचे कळले. पानावर चुकीची सूचना येत होती, पण मधल्या काळात तिच्या घटकाचे नाव बदलले होते. माझी चाचणी जुन्याच नावाने हाक मारत होती. त्या नावाचे कोणी नव्हतेच, म्हणून उत्तर शून्य.

खरे तर प्रयोगशाळेत आपण ही चूक करत नाही. एखाद्या पदार्थात स्टार्च नाही असे म्हणण्यापूर्वी तेच आयोडीन बटाट्यावर टाकून पाहतो. तिथे निळा-काळा रंग आला, तरच दुसरीकडे रंग न येण्याला अर्थ असतो. चाचणीतही तसेच करावे. आधी मुद्दाम चुकीची माहिती भरावी आणि सूचनांची संख्या एक येते ना, ते पाहावे. मग योग्य माहिती भरावी, ‘अर्ज नोंदवला’ हा संदेश येईपर्यंत थांबावे आणि त्यानंतरच शून्य मोजावे.

वर्गात एक गंमत करून पाहा. फळ्यावर चार वाक्ये लिहा आणि त्यांत ‘क’ किती वेळा आला ते मुलांना मोजू द्या. ‘क्ष’मधला क धरायचा का, ‘की’मधला धरायचा का, यावरून उत्तरे वेगवेगळी येतील. कोणाचे उत्तर बरोबर हे लगेच सांगू नका. ‘तू नेमके काय मोजलेस?’ एवढेच विचारा.