एजंटचे दोन टक्के
मंडळी, डोंबिवलीचं घर मी 40 लाखांना विकलं आणि ठाण्यात 60 लाखांचं घेतलं. एजंट एकच. विकताना त्याचे 2 टक्के म्हणजे 80 हजार, घेताना 1 लाख 20 हजार. पीएफमधले 2 लाख गेले! आपल्याकडे जुन्या घराच्या व्यवहारात विकणारा आणि घेणारा दोघेही दलाली देतात, बहुधा 1 ते 2 टक्के. पण हा रिवाज आहे, कायद्याने ठरलेला दर नव्हे. घासाघीस चालते, मात्र टोकन देण्याआधी. नंतर जीभ रेटत नाही. कवी असून माझी रेटली नाही. नव्या इमारतीत दलाली सहसा बिल्डर देतो, ती किमतीतच मुरलेली असते. महारेरात नोंदलेल्या प्रकल्पातली घरं विकणाऱ्या एजंटला 2017 पासून तिथली नोंदणी सक्तीची आहे. तो नोंदणी क्रमांक मागून घ्यावा. माझं घर जुनं होतं. तिथे दर आधीच कागदावर लिहून घ्यायला हवा होता.